मिस्त्री, बिगारी आणि उपकर : बांधकाम-प्रशिक्षणाच्या खर्चाचा प्रश्न

‘मिस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आला. मूळ शब्दात उस्ताद आणि शिक्षक हे दोन्ही अर्थ आहेत. कोकणात तो मेस्त्री झाला आणि बेंगळुरूच्या कन्नडातही तो मेस्त्रीच आहे. त्याच्या हाताखालचा ‘बिगारी’ मात्र फारसी ‘बेगार’मधून, म्हणजे विनामोबदला सक्तीच्या श्रमातून आलेला. गवंडीकाम शिकण्याचा खर्च कोणी सोसला, या प्रश्नाचे जुने उत्तर या जोडीतच सापडते. बिगारी वर्षानुवर्षे कमी मजुरीवर पाट्या वाहतो आणि संधी मिळेल तेव्हा थापी हाती धरतो. हातची गेलेली मजुरी हीच त्याची फी. प्रशिक्षण केंद्रांसाठी निधी उभारणे म्हणजे ही फी दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर टाकणे होय.

वसाहतकालीन सरकारने हा भार उचलला नाही. १८५४ साली पुण्यात निघालेला अभियांत्रिकी वर्ग सार्वजनिक बांधकामांवरील दुय्यम अधिकारी घडवण्यासाठी होता. देखरेख करणाऱ्याचे शिक्षण सरकारी झाले, दगड घडवणाऱ्याचे घरावर आणि जातीवर सोपवलेले राहिले. सोलापूरच्या तलावाशी ज्यांचे नाव जोडले जाते, त्या बाराव्या शतकातील वचनकार सिद्धरामांना कर्नाटकातील भोवी समाज गुरुस्थानी मानतो. शरणांच्या ‘कायक’ या कल्पनेने श्रमाला प्रतिष्ठा दिली. शिकाऊ काळातील पोटाची तजवीजही तिने करावी, ही अपेक्षा मात्र अन्यायाची ठरेल.

खरे वळण १९९६ चे. त्या वर्षीच्या बांधकाम कामगार कायद्याने आणि उपकर कायद्याने बांधकाम-खर्चाच्या एक ते दोन टक्के उपकराची तरतूद केली. प्रत्यक्षात दर एक टक्का ठरला. कर्नाटकात कल्याण मंडळ २००७ मध्ये स्थापन झाले. मंडळाच्या कर्तव्यांची कायद्यातील यादी बारकाईने वाचण्याजोगी आहे : अपघात-साहाय्य, निवृत्तिवेतन, घरासाठी कर्ज, औषधोपचार, प्रसूती-साहाय्य, कामगाराच्या मुलांचे शिक्षण. खुद्द कामगाराच्या शिक्षणाचा तीत नामोल्लेख नाही. कौशल्य-प्रशिक्षण पुढे आले ते ‘इतर कल्याणकारी उपाय’ या मागील दाराने. ब्रिटनमध्ये १९६४ च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्याखाली बांधकाम-मालकांवर बसवलेली पट्टी थेट प्रशिक्षणासाठीच होती. एकाच प्रकारच्या वसुलीमागील या दोन कल्पना तुलनेने ठेवल्या, म्हणजे आपल्या कायद्याने कामगाराला साहाय्यपात्र मानले, विद्यार्थी मानले नाही, हे दिसून येते. पैसा नव्हता असेही नाही. २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले, की देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक रुपये जमा झाले आणि त्यांतले सुमारे ९,५०० कोटीच वापरले गेले. उपकराची तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घेण्यात आली.

मालकांनी स्वतः काहीच केले नाही, असे म्हणणे योग्य नव्हे. लार्सन अँड टुब्रोने १९९५ पासून बांधकाम-प्रशिक्षण संस्था उभारल्या. पनवेलप्रमाणे बेंगळुरूलाही त्यांचे केंद्र झाले, आणि शिकणाऱ्याला विद्यावेतनही मिळू लागले. तथापि हे मोठ्या कंपनीलाच परवडते. शिकवून तयार केलेला सुतार किंवा सळई बांधणारा उद्या दुसऱ्या ठेकेदाराकडे जाणार, ही मालकांची जुनी अडचण आहे आणि ती खोटी नाही. शिवाय बेंगळुरूत रायचूर-कलबुर्गीकडून किंवा बिहार-ओडिशातून आलेल्या मजुराचा कंपनीशी बहुधा थेट संबंध नसतो. त्याला आणतो, उचल देतो आणि मजुरी वाटतो तो मेस्त्री. तेव्हा शब्दाने शिक्षक असलेला हा माणूस व्यवहारात मजूर-ठेकेदार असतो, आणि बिगाऱ्याने लवकर शिकावे यात त्याचा फायदा थोडाच.

या सर्व हिशेबात बायका कुठे बसतात, हे वेगळे पाहावे लागते. पाटी, विटा, वाळू डोक्यावरून वाहणाऱ्या कामगारांत त्या सर्वत्र आढळतात. ओळंबा हाती असलेली स्त्री क्वचितच. पुरुष बिगारी जी फी भरून कधीतरी मिस्त्री होतो, तीच फी त्या आयुष्यभर भरतात. मराठीत ‘मिस्त्री’ला कामाच्या अर्थाने स्त्रीलिंगी रूप अद्याप रुळलेले नाही.