मायना, मजकूर आणि नानांच्या मेल्स

ईमेललाही मायना असतो असं सांगितलं की आमच्या घरातली मोठी माणसं हसतात. पण असतो हो! तीर्थरूप, साष्टांग नमस्कार वगैरे नसेल, पण कोणी, कोणाला, कधी, कशाबद्दल लिहिलं हे सगळं आधी येतं. मग एक कोरी ओळ, आणि तिच्याखाली मजकूर. मेल वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ती कोरी ओळ म्हणजे लक्ष्मणरेषा. वर हेडर, खाली बॉडी.

हे नियम आरएफसी ८२२ या कागदात डेव्हिड क्रॉकर यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये मांडले. (त्याच महिन्यात उस्मानाबादेतून फुटून लातूर जिल्हा झाला. संबंध काही नाही, पण मला मजा वाटते.)

आपल्या मुलखात मात्र असले नियम फार जुने. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाडपंत, म्हणजे दप्तराचा मुख्य. पत्र कोणाला कसं लिहावं, मायना कसा असावा हे सांगणारं 'मेस्तक' परंपरेने त्याच्याच नावावर आहे. मायना बघूनच कारकुनाला कळायचं की हा कागद सरदाराचा की पाटलाचा, आणि कोणत्या गठ्ठ्यात टाकायचा. मला यातली खरी मेख ही वाटते, की मायना हा पत्र न वाचणाऱ्या माणसासाठी असतो.

निजामाच्या राज्यात हे आणखी गमतीचं झालं. हैदराबाद संस्थानाचं टपालखातं स्वतंत्र होतं, १९५० साली ते भारताच्या टपालात विलीन झालं. तोवर नांदेड आणि लातूर दोन्ही त्याच खात्यात. संस्थानाच्या तिकिटांवर किंमत चार लिप्यांत असे - उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि आपली देवनागरी. आमच्या आजोबांच्या पेटीतल्या कागदांवर तर तारखासुद्धा फसली सनाच्या. साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. ईमेलमधली तारीख वाचणं याहून फार वेगळं नाही. १९८२ च्या नियमात वर्ष दोनच आकडी होतं, ते चार आकडी करा अशी दुरुस्ती १९८९ साली आली. आणि अमेरिकेतल्या वेळांना त्यात नावं होती, आपल्या वेळेला नव्हतं. आपण अधिक ०५३० असं नुसत्या आकड्यात लिहायचं.

मग १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. नांदेड ४३१६०१, लातूर ४१३५१२. शेजारशेजारचे जिल्हे, पण तीन आणि एकची अदलाबदल झाली की पत्र दुसऱ्याच थैलीत! कारण पहिल्या तीन आकड्यांवरूनच टपाल वेगळं काढतात. पत्रात काय लिहिलंय, कोणत्या भाषेत लिहिलंय, याच्याशी वर्गवारी करणाऱ्याला देणंघेणं नाही.

आता मूळ मुद्दा. आमचे नाना (माझे थोरले काका, लातूरला शिक्षक होते) निवृत्तीनंतर नेट कॅफेत जाऊन अमेरिकेतल्या माझ्या भावाला मेल्स लिहायचे. १९९९ ते २००६. नाना २००९ साली गेले. भावाने त्याची जुनी मेलपेटी मला पाठवली, सगळ्या मेल्स एकाच लांबलचक फाइलमध्ये. ती सुटी करायला मी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला.

पहिली गंमत अशी की या फाइलमध्ये प्रत्येक मेल 'फ्रॉम' या इंग्रजी शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीने वेगळी होते. नानांना जुन्या सवयीने वर गावाचं नाव घालायची हौस, म्हणून इंग्रजी मेलची पहिलीच ओळ 'फ्रॉम लातूर'. झालं! प्रोग्रॅमला एका मेलच्या दोन दिसल्या. तेवढं निस्तरलं.

मराठीचं काय? हेडरमध्ये एक ओळ असते, मजकूर कोणत्या अक्षरसंचात आहे हे सांगणारी. ही सोय बोरेनस्टीन आणि फ्रीड यांनी १९९२ मध्ये माइम नावाने केली. यूटीएफ-८ लिहिलेलं असलं की निश्चिंत. त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, आणि विषयाच्या ओळीत बेस६४ मध्ये गेलं की चार खुणांचं. एका तुकड्यात जेमतेम पंधरा चिन्हं मावतात. म्हणून लांब मराठी विषय तुकड्यातुकड्यांत येतो, आणि एखाद्या अडाणी प्रोग्रॅमने चिन्हाच्या मधोमध कात्री चालवली की काना एकीकडे, नाना दुसरीकडे!

पण नानांच्या मेल्स त्या आधीच्या. त्या काळचे मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेले मराठी मुखवटे. कळ एक, आकार दुसरा. हेडर बापडं सांगतं की हे साधं इंग्रजी आहे, आणि यंत्राच्या हिशेबी ते खोटंही नाही. ज्या मेल्स एचटीएमएलमध्ये होत्या त्यांच्या आत फॉन्टचं नाव सापडलं. त्यावरून अक्षरांचा तक्ता करून बहुतेक मेल्स परत वाचता आल्या. किल्लारीच्या भूकंपानंतर (३० सप्टेंबर १९९३) ते गावात मदतीला गेले होते, त्याबद्दल त्यांनी कितीतरी वर्षांनी भावाला सविस्तर लिहिलं होतं. घरी कधी बोलले नव्हते. ती मेल आईला वाचून दाखवली.

नुसत्या साध्या मजकुराच्या अकरा मेल्स राहिल्यात. त्यांत फॉन्टचं नाव कुठेच नाही. त्यातल्या दोनांत तर वाटेतल्या कुठल्यातरी सर्व्हरने प्रत्येक बाइटचा आठवा बिट छाटून टाकलाय, म्हणजे वेगवेगळी अक्षरं एकच होऊन बसली आहेत. त्या दोन गेल्याच म्हणायच्या. उरलेल्या नऊ तक्ता मिळाला तर तासाभरात उलगडतील. लातूरच्या मंडळींपैकी कोणी नानांबरोबर त्या कॅफेत जात असेल, आणि पडद्यावर कोणता फॉन्ट निवडायचे हे आठवत असेल, तर मला कळवा. नाव अर्धवट आठवलं तरी चालेल. भरत, तू बहुतेक असायचास ना रे त्यांच्याबरोबर?