नकाशा कळतो, घर दिसत नाही

जोतिबाच्या डोंगरावरचं मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली, जुन्या देवळाच्या जागी बांधलं. म्हणजे रिनोव्हेशनच की! लांबी ५७ फूट, रुंदी ३७. आकडे ऐकून आवाका डोळ्यांपुढे आला? काहींना येतो, काहींना नाही.

१८८० साली फ्रान्सिस गाल्टनने लोकांना सकाळचं नाश्त्याचं टेबल डोळ्यांपुढे आणायला सांगितलं. काहींना चित्रच दिसेना! २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन यांनी याला ‘अफॅन्टेशिया’ हे नाव दिलं. हा आळस नव्हे, अडाणीपणा तर नव्हेच.

पण घराचं काम निघालं की काय होतं? नवरा नकाशा बघून मान डोलावतो आणि ओटा बांधून झाल्यावर विचारतो, “अगं, फ्रिज कुठं ठेवायचा?” मग भांडण, तोडफोड, दुप्पट खर्च.

जुन्या शिल्पग्रंथांत दोरी धरून आखणी करणाऱ्याला ‘सूत्रग्राही’ असं खास नाव आहे. आधी जमिनीवर रेघ, मग दगड. तुम्हीपण तेच करा. ओटा, कपाट, दार खऱ्या मापात खडूनं आखा आणि दोघं त्यातून चालून बघा. भिंत पाडण्यापेक्षा रेघ पुसणं स्वस्त!