रामदास : 17 जुलै 1947

भाईंदरच्या केबिन रोडवरून पाठीला तंबू अडकवून नागाव-काशीदला मुक्कामाला निघालेली पोरं भाऊच्या धक्क्यावर मांडव्याची रो-रो पकडतात. त्या वाटेवरची ही एक सकाळ त्यांच्या कानावर घालायलाच हवी.

सकाळी 8 च्या सुमारास. भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' रेवसकडे सुटते. 1936 साली बांधलेली, 179 फूट लांबीची बोट. गटारी अमावास्या तोंडावर, त्यामुळे गावी निघालेल्या चाकरमान्यांची गर्दी. खलाशी धरून सातशेच्या आसपास माणसं. बोटीवर वायरलेस नाही. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

साडेआठनंतर. बंदराचा आडोसा सुटतो. पाऊस, वारा, उसळलेला समुद्र. पावसाळ्यातल्या प्रवाशाला यात नवं काही नाही.

9 च्या आगेमागे. काशाच्या खडकाजवळ एक प्रचंड लाट बोटीवर आदळते. बोट कलते. घाबरलेली माणसं जीव वाचवायला एकाच बाजूला धावतात आणि त्या भारानं तोल पुरता जातो. सावरायला वेळच मिळत नाही. काही मिनिटांत बोट पाण्याखाली.

9 ते दुपार. मला सर्वांत असह्य वाटतात ते हे तास. माणसं फळ्यांना धरून तरंगताहेत, आणि मुंबईत कुणाला पत्ताच नाही. रेवसच्या धक्क्यावर वाट पाहणाऱ्यांना 'हवा खराब, उशीर होतोय' असंच वाटलं असणार. मदत पोहोचली ती केवळ योगायोगानं: मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांना पाण्यात माणसं दिसली आणि त्यांनी हाती लागतील तेवढ्यांना होड्यांत ओढून घेतलं.

दुपार उलटल्यावर. वाचलेले काहीजण मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. त्यांच्या तोंडून शहराला पहिली खबर मिळते. तोवर सहाशेंहून अधिक जीव गेलेले असतात. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या कित्येक घरांत तो पंधरा ऑगस्ट सुतकातच उजाडला.

लाट कुणाला अडवता आली नसती. पण 11 नोव्हेंबर 1927 रोजी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन प्रवासी बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं हाताशी होती, तरी रामदासवर मदत मागायला साधा वायरलेस बसवला गेला नाही. याचा मला आजही संताप येतो.