तळटीप : ‘दीपनगरची राख’

१४. दीपनगर : भुसावळजवळचे औष्णिक वीज केंद्र. केळीच्या पानावर बोट फिरवले की उमटणारी करडी रेघ लेखकांनी वर्णिली आहे, ती इथल्या राखेची. राखेच्या नियमांना ते ‘दिल्लीचा हुकूम’ म्हणतात, ते अर्धेच खरे. १९७२च्या स्टॉकहोम परिषदेतील निर्णय अमलात आणायचे, हे कारण १९८६च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाच्या प्रस्तावनेतच नोंदले आहे. त्याच अधिनियमाखाली १९९९ साली राखेची अधिसूचना निघाली आणि औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणे बंधनकारक झाले. पुढे हे अंतर वाढले. म्हणजे भट्टीवाल्याच्या घमेल्यात स्टॉकहोमही थोडे आहेच. उलट, नोव्हेंबर २०२१मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेच्या ठरावात कोळशाची वीज ‘बंद करत नेणे’ऐवजी ‘कमी करत नेणे’ हे शब्द भारताच्या आग्रहाने आले (चीनचाही त्याला पाठिंबा होता), तेव्हा दीपनगरात ६६० मेगावॉटच्या नव्या संचाचे काम चालू होते. क्रियापदावरचे हे भांडण शाब्दिक नव्हते, ते असे. मजकुरातील ‘राखेची गाडी’ म्हणजे बंद टाकीचा बल्कर. उघडा ट्रक समजू नये. — संपादक