गोधडी

गोधडी : जुन्या कापडांचे थर एकमेकांवर अंथरून, हाताने धावदोरा घालून शिवलेले जाड अंथरूण-पांघरूण. पश्चिम महाराष्ट्राच्या काही भागांत हिला वाकळ म्हणतात.

उगम : वापरून मऊ झालेली लुगडी, धोतरे व साड्या वाया न घालवता थंडीसाठी उपयोगात आणण्याच्या घरगुती गरजेतून ही कला वाढली. ती मुख्यतः स्त्रियांनी जोपासली असून मुली ती घरातील वडीलधाऱ्यांकडून शिकत.

वैशिष्ट्ये : वरखाली धड साड्या व मध्ये जुन्या कापडाचे तुकडे अंथरून थर प्रथम कच्च्या टाक्यांनी जोडतात. मग धावदोरा कडेपासून सुरू करून चौकोनी फेऱ्यांनी मध्याकडे नेतात. त्यामुळे आतील तुकडे सरकत नाहीत व पृष्ठभागावर बारीक चुण्या उमटतात. शोभेसाठी रंगीत चौकोनी-त्रिकोणी ठिगळे लावतात (पहा : ठिगळकाम). तान्ह्या बाळासाठी लहान, पातळ गोधडी शिवतात.

महत्त्व : कापडाचा पुनर्वापर व कौटुंबिक स्मृतींचे जतन ही तिची मुख्य अंगे होत. सुई, दोरा व कात्री एवढ्याच साधनांवर भागत असल्याने शहरांतही ती छंद म्हणून शिवली जाते. बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी व कर्नाटकातील सिद्दी समाजाची कवंदी हे तिच्याशी साम्य असलेले प्रकार होत (पहा : कांथा, भरतकाम).