नदी आधी, बाग नंतर

नदीकाठी बाग असावी, सायंकाळी माणसांनी तेथे मोकळा श्वास घ्यावा, ही इच्छा पुण्याला नवी नाही. मात्र पूर्वी ह्या इच्छेला एक क्रम होता. हडपसरच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या मुळा-मुठेचा इतिहास चाळला म्हणजे तो क्रम ध्यानी येतो.

मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर भेटतात. पुढे त्यांचा एकत्र प्रवाह बंडगार्डन, मुंढवा, मांजरी, कवडी, थेऊर असा जाऊन भीमेस मिळतो. १८५०च्या सुमारास संगमाच्या खालच्या अंगाला नदीवर दगडी बांध पुरा झाला. सर जमशेटजी जिजीभाई ह्या दानशूर पारशी गृहस्थांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. हेतू पाणीपुरवठ्याचा होता. पाणी अडले, फुगवटा वरपर्यंत पसरला, त्या संथ पाण्यात होड्या फिरू लागल्या आणि बांधाशेजारी बाग फुलली. बागेला नावही बांधावरूनच पडले. आज ती महात्मा गांधी उद्यान म्हणून ओळखली जाते. पुढे १८७०च्या दशकात खडकवासल्याचे धरण उभे राहिले आणि त्याच्या उजव्या कालव्याने हडपसरच्या शिवारात मळे पिकवले. आधी पाण्याची सोय, मग विरंगुळा, असा तो क्रम होता.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि नदीची खरी रुंदी पुणेकरांना एका दिवसात कळली. आज पूररेषा दोन मानतात : निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नद्यांपासून प्रदूषणकारी उद्योग दूर ठेवणारे नदी नियमन क्षेत्र धोरण राज्याने २००० साली आणले. २०१५ साली ते रद्द केले. संरक्षण कागदावर येते आणि कागदावरूनच जाते, हा त्यातला धडा.

त्यानंतर दोन मोठ्या योजना आल्या. २०१६ साली केंद्राने ९९० कोटी रुपयांच्या प्रदूषणमुक्ती प्रकल्पास मान्यता दिली. त्यात ११ मैलाशुद्धीकरण केंद्रे होती. दुसरी योजना ४४ किलोमीटर नदीकाठ सुशोभित करण्याची. ६ मार्च २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दोन्ही कामांची पायाभरणी झाली. एप्रिल २०२३ मध्ये काठावरील झाडे वाचविण्यासाठी नागरिक रस्त्यावर उतरले. ह्या विरोधामागचा प्रश्न साधा होता : पाणी शुद्ध होण्याआधी काठ का सजवायचा?

हडपसरला हा प्रश्न अधिक जवळचा आहे, कारण आपण प्रवाहाच्या खालच्या अंगाला राहतो. शहराने वापरून सोडलेले पाणी मुंढव्याजवळ उपसून शेतीसाठी कालव्यात सोडले जाते. उरलेले कवडीला पोहोचते. तेथे हिवाळ्यात चक्रवाक उतरतात, पक्षिनिरीक्षक दुर्बिणी घेऊन येतात आणि त्याच पाण्यावर जलपर्णी व प्लॅस्टिकही तरंगते. नदीकाठाचे नियोजन उत्तम झाले की नाही, ह्याची परीक्षा बंडगार्डनच्या पायऱ्यांवर व्हायची नाही, ती कवडीला होईल.

सदनिकांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना मोकळी जागा हवी, ह्यात वाद नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात शुद्ध पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क मानला, आणि रम्य जागा मोजक्यांसाठी राखल्या जातात ह्याबद्दल खेदही व्यक्त केला. त्यांनी ह्या दोन्ही गोष्टी एकाच न्यायाच्या मानल्या. बागेचे दार सर्वांना उघडे असावे आणि बागेपुढून वाहणारे पाणी खालच्या गावालाही चालावे, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

यहेज्केल संदेष्ट्याच्या दर्शनात मंदिराच्या उंबऱ्याखालून पाणी निघते. ते जसजसे पुढे जाते तसतसे खोल होते. खाऱ्या समुद्राला गोडवा आणते, आणि काठावर कोळी जाळी पसरतात. आपली नदी नेमकी उलट वागते : पुढे जाईल तशी निर्जीव होते. हा दोष नदीचा नव्हे.

म्हणून विकास आराखड्यावर हरकती व सूचना मागविल्या जातील तेव्हा आपल्या धर्मग्रामांनी गप्प बसू नये. मैलाशुद्धीकरण आधी, पूररेषेच्या आत भराव नको आणि काठावरची जुनी झाडे जागच्या जागी, एवढे तीन मुद्दे आपल्या सह्यांनिशी जावेत. आपल्या खाली मांजरी आहे, थेऊर आहे. शेजारी कोण, हा प्रश्न शुभवर्तमानात एका शास्त्र्याने विचारला होता. आपल्या बाबतीत त्याचे उत्तर नदीच देते.