जोडलेले रिपीटर आणि देखभालीचा इतिहास : अमेरिकेतील हौशी रेडिओ जाळ्यांचा एक विचार

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. संशोधकांची नावे आणि शोधांची साले पाठ्यपुस्तकांत स्थिरावतात. परंतु शोध लागल्यानंतर ते साधन वर्षानुवर्षे कोणी चालू ठेवले, त्यासाठी पैसा कोठून आला आणि ते बंद पडले तर का पडले, हे प्रश्न मागे राहतात. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात या उणिवेकडे लक्ष वेधले असून तंत्रज्ञानाचा इतिहास वापराच्या व देखभालीच्या अंगाने लिहावा, असा आग्रह धरला आहे. ही दृष्टी स्वीकारून प्रस्तुत लेखात अमेरिकेतील हौशी रेडिओधारकांनी स्वयंसेवेतून उभारलेल्या रिपीटर-जाळ्यांचा विचार केला आहे. कंप्रता, जागा आणि माणूस या तीन गोष्टींची विनावेतन तजवीज करणारी व्यवस्था हाच या जाळ्यांचा खरा आधार होता, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

रिपीटरचे स्वरूप

अतिउच्च कंप्रतेच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. त्यामुळे हातातील लहान संचाचा आवाज डोंगरापलीकडे पोहोचत नाही. उंच जागी बसविलेला रिपीटर हा आवाज एका कंप्रतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर अधिक शक्तीने प्रक्षेपित करतो. १४४ ते १४८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोन कंप्रतांमधील अंतर अमेरिकेत सामान्यतः ६०० किलोहर्ट्झ असते, १४६.३४ वर ऐकणे आणि १४६.९४ वर बोलणे, ही जोडी हौशी मंडळींत विशेष परिचित होती. एकाच अँटेनावरून ऐकणे व बोलणे एकाच वेळी चालावे म्हणून धातूच्या नळकांड्यांचे गाळणीयंत्र लागते. ते अचूक जुळविलेले नसेल तर रिपीटर स्वतःच्याच प्रक्षेपणाने बधिर होतो.

असे अनेक रिपीटर परस्परांशी जोडले म्हणजे जाळे तयार होते. एका डोंगरावर बोललेले शब्द मग शेकडो मैलांवरील डोंगरांवरून ऐकू येतात. मात्र जोडणीबरोबर दोषही जोडला जातो. एका ठिकाणचा रिसीव्हर बिघडून सतत खरखर देऊ लागला, तर ती खरखर सर्व राज्यांत पसरते. म्हणूनच दूरस्थ आज्ञेने बिघडलेला दुवा तोडू शकणारा जबाबदार नियंत्रक प्रत्येक जाळ्याला आवश्यक असतो. यंत्र आपोआप चालत असले तरी त्याचे उत्तरदायित्व माणसाकडेच राहते.

टाकाऊ संचांतून उभारणी

लॉस एंजेलिसमध्ये, ‘हॉलिवूड’ ही अक्षरे ज्या माउंट ली या डोंगरावर उभी आहेत, तेथे १९५० च्या दशकात आर्ट जेन्ट्री यांनी चालविलेला रिपीटर हा हौशी क्षेत्रातील आद्य रिपीटर मानला जातो. यानंतरचा प्रसार नव्या यंत्रांपेक्षा जुन्या यंत्रांमुळे झाला. व्यावसायिक वाहिन्यांची रुंदी कमी करणारे नियम आल्याने पोलीस, टॅक्सी व अन्य सेवांचे मोटोरोला आणि जनरल इलेक्ट्रिक कंपन्यांचे संच बाद ठरले. हे संच स्वस्तात मिळवून, त्यांची स्फटिके बदलून हौशी मंडळींनी ते डोंगरांवर नेले. एका व्यवस्थेने टाकून दिलेली यंत्रे दुसऱ्या व्यवस्थेने दुरुस्तीच्या बळावर पुढे दीर्घकाळ चालविली. नावीन्याच्या इतिहासात अशा घटनेला स्थान मिळत नाही. देखभालीच्या इतिहासात मात्र तिचा आरंभच येथून होतो.

कंप्रतेची वाटणी

रिपीटरांची संख्या वाढू लागताच एकाच कंप्रतेवर दोघांचा दावा येऊ लागला. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९७२ साली रिपीटरांसाठी विशेष नियम केले व स्वतंत्र परवाने सुरू केले. पुढे स्वतंत्र परवान्याची ही पद्धत सोडून देण्यात आली. कोणत्या डोंगराला कोणती कंप्रता, हे ठरविण्याचे काम प्रादेशिक स्वयंसेवी समन्वय मंडळांनी अंगावर घेतले. १९८० च्या दशकात आयोगाच्या नियमांनी या समन्वयाला मान्यता दिली. समन्वित व असमन्वित रिपीटरांमध्ये व्यत्यय उद्भवल्यास तो दूर करण्याची मुख्य जबाबदारी असमन्वित रिपीटरवर राहते. सरकारी अधिकारी नसलेल्या, मानधन न घेणाऱ्या व्यक्तींच्या नोंदवहीला अशा रीतीने नियमाचे पाठबळ लाभले.

तथापि ही व्यवस्था शासनाच्या धोरणापुढे दुर्बल होती. कॅलिफोर्निया व नेवाडा या भागांतील ‘कॉन्डॉर’ जाळे २२० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर वाढले. १९८८ साली आयोगाने या पट्ट्यातील २२० ते २२२ मेगाहर्ट्झचा भाग जमिनीवरील फिरत्या व्यावसायिक सेवेकडे वळविला आणि १९९१ पासून हौशींना तो सोडावा लागला. तेथे असलेले दुवे अन्यत्र हलविण्याचा खर्च व श्रम स्वयंसेवकांवरच पडले. २००७ साली निराळा प्रसंग उद्भवला. ४२० ते ४५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात हौशींचे स्थान दुय्यम आहे. कॅलिफोर्नियातील बील आणि मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड येथील लष्करी रडारांना व्यत्यय येत असल्याचे आढळल्यावर अनेक रिपीटरांना शक्ती घटवावी लागली किंवा प्रक्षेपण थांबवावे लागले. दुय्यम स्थानाचा अर्थ अशा वेळीच कळतो.

पैसा आणि जागा

आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांतील व्याख्येनुसार हौशी सेवा ही आर्थिक लाभाचा हेतू नसलेली सेवा होय. त्यामुळे संदेशवहनाचे शुल्क आकारून रिपीटर चालविता येत नाही. वीज, जागेचे भाडे, बॅटऱ्या व केबल यांचा खर्च वर्गणी, देणगी अथवा पदरमोड यांतूनच भागवावा लागतो. डोंगरावरील जागा बहुधा दुसऱ्याच्या मालकीची असते. मालक बदलला किंवा भाडे वाढले की तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असलेला रिपीटरही खाली उतरतो. हिमवर्षावाने बंद झालेला रस्ता आणि विजेने जळलेला अँटेना यांची नोंद कोणत्याही अधिकृत अहवालात होत नाही. ज्या हवामान-निरीक्षकांच्या ‘स्कायवॉर्न’ उपक्रमाला हौशींच्या रिपीटरांचा मोठा उपयोग होतो, त्याच्या यशामागे अशा अनामिक फेऱ्या दडलेल्या आहेत.

इंटरनेट आणि वारसाचा प्रश्न

कॅनडातील डेव्हिड कॅमेरॉन यांनी १९९७ मध्ये इंटरनेटद्वारे रेडिओ जोडण्याचा ‘आयआरएलपी’ हा प्रकल्प सुरू केला. २००२ मध्ये जोनाथन टेलर यांचे ‘एकोलिंक’ आले. जिम डिक्सन यांनी ‘ॲस्टेरिस्क’ या मुक्त दूरध्वनी-प्रणालीवर ‘ऑलस्टार’ची उभारणी केली. पूर्वी ‘कॅक्टस इंटरटाय’सारख्या जाळ्यांनी नैर्ऋत्येकडील राज्ये जोडण्यासाठी डोंगरामागून डोंगर गाठले होते, आता तेच अंतर एका लहान संगणकाने पार होऊ लागले. सोय वाढली, पण अवलंबित्वही वाढले. आपत्तीत इंटरनेट खंडित झाले तर दुवा तुटतो, आणि बॅटरीवर चालणारे केवळ रेडिओचे दुवे अशा वेळी अधिक भरवशाचे ठरतात.

याहून गंभीर प्रश्न वारसाचा आहे. डिक्सन यांचे २०१६ साली निधन झाल्यानंतर त्यांची प्रणाली इतर स्वयंसेवकांनी सांभाळली आणि तिचे काम ना-नफा संस्थेच्या चौकटीत आणले. येथे वारस मिळाले. एखाद्या लहान डोंगरावरील रिपीटरच्या बाबतीत मात्र चावी, नियंत्रणाचे संकेतांक, गाळणीयंत्राच्या जुळणीची टिपणे आणि जागामालकाशी असलेला तोंडी करार हे सारे एकाच माणसापाशी असू शकते. तो माणूस गेला की यंत्र काही काळ चालत राहते. पहिला बिघाड होतो तेव्हा ते दुरुस्त करण्याचा मार्ग कोणालाच ठाऊक नसतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, या जाळ्यांच्या इतिहासात यंत्रे अनेकदा बदलली. बाद संचांची जागा नव्या संचांनी घेतली, रेडिओ दुव्यांच्या सोबतीला इंटरनेट आले. कंप्रतेचा समन्वय, जागेची परवानगी आणि जबाबदारीचे हस्तांतर या गरजा मात्र कायम राहिल्या. यांपैकी पहिल्या गरजेसाठी हौशींनी संस्था निर्माण केल्या आणि त्यांना नियमांची मान्यता मिळाली. हस्तांतराची गरज बहुतांशी व्यक्तींच्या सद्भावावर सोपविली गेली व तोच या व्यवस्थेचा सर्वांत कच्चा दुवा ठरला.

इतिहासाच्या अभ्यासकासाठी यातून एक कर्तव्य निष्पन्न होते. स्वयंसेवेवर चाललेल्या उपक्रमांची साधने म्हणजे दुरुस्तीच्या वह्या, वर्गणीचे हिशेब आणि सभांची इतिवृत्ते ही शासकीय दफ्तरांत सापडत नाहीत. आपल्याकडील सार्वजनिक वाचनालये आणि व्यायामशाळा यांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. ही कागदपत्रे सांभाळणाऱ्या व्यक्ती हयात आहेत तोवरच ती मिळविणे व त्यांच्या मुलाखती नोंदविणे शक्य आहे. महाविद्यालयीन प्रकल्पांतून हे काम हाती घेतले गेल्यास संस्थांची स्थापना-वर्षे आणि संस्थापकांची नावे यांपलीकडे जाणारा स्थानिक इतिहास लिहिता येईल.